गोल खोलीचं दुसरं दार

खोलीत खुर्ची एकही नव्हती, म्हणून मी माणसंही शून्य धरली आणि एका दारावर भागवलं. नकाशावर सही माझीच.

आता याला मूर्खपणा म्हणायचं तर म्हणा, पण तो पद्धतशीर मूर्खपणा होता. खोलीत किती माणसं असू शकतील हे नियमावलीप्रमाणे जमिनीच्या क्षेत्रफळावरून काढायचं असतं आणि त्यावरून बाहेर पडायची दारं ठरवायची असतात. पण ऑफिसांचे आराखडे काढून काढून मला एक सोयीची सवय लागली होती. एक खुर्ची म्हणजे एक माणूस. तेव्हा हिंजवडीत उसाच्या फडाशेजारी काचेच्या इमारती उठत होत्या, कंपन्यांना मजले कालच हवे असायचे, आणि माझ्यासारख्या आर्किटेक्टला क्षेत्रफळाच्या भागाकारापेक्षा खुर्च्यांची बेरीज परवडायची. ही सवय कुठे नडली नाही. मग एका कंपनीच्या मालकांनी मला बिनखुर्च्यांची खोली करायला सांगितली.

मालक अमेरिकेहून परतलेले, वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड.

"आपल्याला एक थिंकिंग रूम पाहिजे. एकदम राउंड. नो विंडोज, नो चेअर्स, खाली गाद्या. आणि दार दिसता कामा नये. माणूस आत गेला की बाहेरचं सगळं विसरला पाहिजे."

मी हुरळूनच गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला चौकोनातून सोडवत होतं. गोल भिंतीला मी सागवानाच्या उभ्या पट्ट्या लावल्या, दारही त्याच पट्ट्यांचं केलं आणि त्याचा सांधा असा लपवला की खुद्द सुतारच एकदा भिंतीला धडकला. वर नियमाला धरून दार बाहेरच्या बाजूला उघडणारं केलं, म्हणजे घाईच्या वेळी आतून नुसता धक्का पुरावा. येईल त्याला मी ते दार उघडून आणि मिटून दाखवत असे. एका मासिकाचा फोटोग्राफरही यायचा होता.

त्याआधी वास्तुशांत निघाली. होम त्याच खोलीत व्हावा असा मालकांचा आग्रह. गुरुजींनी आत येऊन एकवार सगळीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ईशान्य कोपरा कुठला?"

"गुरुजी, गोल खोलीला कोपरा नसतो."

"कोपरा तुम्ही काढलात. दिशा अजून जागेवर आहे," म्हणाले आणि विटा मांडू लागले.

मध्येच भोंगा वाजू नये म्हणून इलेक्ट्रिशियनने छतावरच्या धूर ओळखणाऱ्या यंत्राला प्लास्टिकची पिशवी बांधली. हे मी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, "नीट बांध रे, पडेल होमात," असंही वर सांगितलं. सगळा मजला आत येऊन गाद्यांवर बसला. एसी वाया जायला नको म्हणून दार आपोआप मिटेल अशी व्यवस्था मीच केली होती. ते मिटलं.

होम पेटला. समिधा ओल्या असाव्यात. थोड्या वेळाने समोरचा माणूस धूसर दिसायला लागला, मग गुरुजींचा नुसता आवाज उरला. लोक डोळे चोळत उठले आणि दाराशीच बसलेल्याने दाराला धक्का दिला. दार चार बोटं उघडलं आणि थांबलं.

आता गाद्यांची बैठक, त्यात पूजा. म्हणजे प्रत्येकाने पायातलं कुठे काढलं असणार? दाराबाहेर. उशिरा आलेल्यांनी तर दाराला टेकवूनच. नियमाप्रमाणे बाहेर उघडणाऱ्या माझ्या दारापुढे बूट, सँडल आणि कोल्हापुरी चपलांचा ढीग झाला होता, आणि आतून जितका जोर लावावा तितका तो ढीग घट्ट होत होता. मंदिराच्या पायरीवर आयुष्यभर चपला काढलेल्या माणसाला हे नकाशा काढताना सुचलं नव्हतं.

सुटका केली ती इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी. त्या नारायण पेठेतल्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन इथे आलेल्या. त्यांनी फटीतून हात बाहेर घातला, हाताला लागेल ते पायताण दूर भिरकावायला सुरुवात केली आणि वॉचमनच्या नावाने अशा हाका मारल्या की तो खालच्या मजल्यावरून धावत आला. ढीग उपसला, दार उघडलं, सगळे खोकत बाहेर पडलो. कुणाला काही झालं नाही.

म्हणजे, झालं असं कुणी म्हणालं नाही. नागपूरकडची एक मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, दाराच्या अगदी समोरच्या भिंतीशी बसली होती. तिला दमा होता. ती सगळ्यांत शेवटी बाहेर आली आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसली, हातात दम्याचा पंप. बाईंनी तिला पाणी दिलं. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. पेठेतली बाई बोलते तोवर बरं असतं.

मालक मात्र खुशीत होते. धूर म्हणजे शुभशकुन, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. प्रसाद वाटताना त्यांनी जाहीर केलं, "एव्हरी मंडे, सगळा फ्लोअर इथेच बसणार. स्टार्टिंग धिस मंडे!"

ती मुलगी उठून माझ्याकडे आली. खोली मी केली म्हणजे तिथली परवानगीही मीच देतो, असं तिला वाटलं असावं.

"सर, सोमवारी मी बाहेर बसली तर चालते ना?"

यावर 'हो' म्हणणं सोपं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. "बाहेर नाही," मी म्हटलं, "सोमवारपर्यंत तुला आत बसता येईल अशी खोली करून देतो." बोललो आणि मग लक्षात आलं की आता हे करायलाच हवं.

मालकांचा उपाय तयार होता. "शूज रॅक ठेवू. प्रॉब्लेम ओव्हर."

"आणि रॅक भरला की?" बाईंनी विचारलं. मालकांना फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कर्वेनगरात आमच्या शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्यांना गाठलं. ते गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. मी नकाशा उघडला.

"खोलीत करतात काय?"

"विचार."

"माणसं किती?"

"मी... शून्य धरली होती."

"मग विचार कोण करतं?"

मी नियमावलीत गोल खोलीबद्दल काही नाही, विचार करायच्या खोलीबद्दल तर मुळीच नाही, वगैरे सुरू केलं. त्यांनी झारी खाली ठेवली. "दारावरची पाटी वाचू नका हो. लोक एकत्र जमतात ना? मांडीला मांडी लावून बसतात ना? मग ती सभेची जागा धरा. क्षेत्रफळावरून माणसं काढा. आणि एक दार गेलंच, असं समजून उरलेल्याचा हिशेब करा. हां, आणि दुसरं दार पहिल्याच्या शेजारी नको. एकाला आग लागली तर दुसरं काय लांबून बघत बसणार आहे?"

घरी येऊन भागाकार केला. उत्तर शून्याच्या आसपास कुठेही नव्हतं. दुसरं दार हवं होतं आणि ते बरोबर समोर हवं होतं, जिथे भिंतीपलीकडे जिना होता आणि अलीकडे सागवानाच्या सर्वांत सुंदर रेषा. फोटो काढायचा होता तो नेमका तिथला. मुलगी बसली होती तीही तिथेच.

मालकांना आणि बाईंना खोलीत बोलावून मी हे सांगितलं. मालक ऐकेनात. "राउंड रूम कोडमध्ये कुठे आहे? दाखवा."

"नाहीये. माणसं आहेत."

"पण दार आहे ना एक! रॅक ठेवला, माणूस निघाला. किती सिंपल."

"धुरात सापडणार नाही."

"सापडेल. यू शो मी."

मी म्हटलं, ठीक आहे. बाईंच्या रुमालाने डोळे बांधले आणि भिंत चाचपत निघालो. माझा डाव असा होता, की मुद्दाम थोडा अडखळेन आणि मग दार शोधून काढेन, म्हणजे मुद्दाही पटेल आणि अब्रूही राहील. पण गोल खोलीत आपण कुठून निघालो हेच कळत नाही. कोपरा लागत नाही, पट्टीमागून तीच पट्टी हाताखालून जाते. एक फेरी झाली. दुसरी झाली. घाम फुटला. शेवटी एक फट हाताला लागली, मी विजयाने ती खेचली आणि रुमाल काढून पाहिलं तर मी विजेच्या बटणांचं कपाट उघडलं होतं.

"तिसरी प्रदक्षिणा घाला," बाई म्हणाल्या. "थोडं पुण्य तरी पडेल पदरी."

मालक हसले नाहीत. ते उठून भिंतीजवळ गेले, डोळे मिटून थोडं चाचपून आले. मी तेवढ्यात सांगून टाकलं, की दार होणार नसेल तर मी नकाशावरची सही मागे घेतो, तसं लेखी कळवतो आणि सोमवारी सगळ्यांना हेच दाराबाहेर उभा राहून सांगतो.

"फोटोशूट गेलं तुमचं," मालक म्हणाले.

"गेलं," मी म्हटलं.

करवत फिरली तेव्हा मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. लाकडाच्या रेषा कापताना बघवत नाही, निदान आपण त्या निवडलेल्या असल्या तर. सुतारांनी रविवारही सोडला नाही. दोन्ही दारं गडद लाल रंगवली, वर दिव्याची 'बाहेर' अशी पाटी लावली. चपलांसाठी मांडणी केली ती पॅसेजच्या पार टोकाला, आणि दारापुढच्या फरशीवर पिवळे पट्टे मारले. छतावरची पिशवी मी स्वतः शिडी लावून काढली. गाठ फार घट्ट होती.

सोमवारी सगळा मजला गाद्यांवर बसला. ती मुलगी आपल्या जुन्याच जागी येऊन बसली. मालकांनी डोळे मिटायला सांगितले. सगळ्यांनी मिटले, आणि बाई कुणालाही न सांगता दारात येऊन ओरडल्या, "उठा! चला बाहेर! सामान राहू दे!"

गोंधळ झाला, पण दोन बाजूंना वाटला गेला. अर्धे इकडून, अर्धे तिकडून. ती मुलगी नव्या दारातून सगळ्यांत आधी बाहेर पडली आणि मागच्यांसाठी दार धरून उभी राहिली. बघता बघता खोली मोकळी झाली. मी मध्यभागी उभा होतो. एकदा या दाराकडे बघत होतो, एकदा त्या दाराकडे, आणि खरं सांगायचं तर छाती जरा फुगली होती.

बाईंनी जिन्याकडून डोकं आत घातलं. "अहो, सगळे बाहेर आले, तुम्ही एकटे आत काय करताय? की स्वतःला अजून शून्यातच धरलंय?"