खुंट्यांची भिंत

पाटीवर लिहिलेलं खरं असेल, असं मला आधी वाटतच नाही. उभी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात गेली; मेलेल्या माणसांचे ताजे अंगठे मी कागदावर पाहिलेत. त्यामुळे जालन्यात जुन्या गोदामाच्या इमारतीत लष्करी संग्रहालय उघडलं, तेव्हा मी कौतुक करायला नाही, चुका काढायला गेलो.

त्या इमारतीची मला खडानखडा माहिती होती, कारण माझे वडील तिथं आयुष्यभर पहारेकरी होते. इमारत मूळची पलटणीची. छावणी उठल्यावर निजामाच्या काळात तिथं ठाणं आलं, मग सरकारी धान्याचं गोदाम, आणि शेवटी पोती जाऊन नुसते उंदीर उरले. आता तिला पिवळा रंग लागलाय. दारात रिकामे तोफगोळे, आत काचेमागे गणवेश आणि बिल्ले. इथवर ठीक होतं. मागच्या खोलीत मात्र मला हसूच आलं. भिंतीतल्या चार-पाच भोकांवर काचेची चौकट बसवली होती आणि खाली पाटी होती: '१९४८च्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीतल्या गोळ्यांच्या खुणा'.

गोळ्या कसल्या! त्या भोकांत वडिलांच्या लाकडी खुंट्या होत्या. एकीला कंदील, एकीला सदरा, मधल्या खुंटीला डब्याची पिशवी. शाळा सुटली की मी तिथंच जेवायचो.

संग्रहालय सांभाळणाऱ्या निवृत्त सुभेदारांना मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रंग द्यायच्या आधी खुंट्या उपसल्या, साहेब. आतून हे निघालं." त्यांनी शिशाचा एक वाकडा तुकडा दाखवला.

शिसं भंगारवाल्याकडंही मिळतं. मी तसं बोललो नाही, पण रविवारी वडिलांनाच ऑटोत घालून घेऊन गेलो. ते पंच्याऐंशीच्या घरात आहेत, पण डोकं शाबूत आहे. म्हटलं, समोरासमोरच होऊन जाऊ दे.

वडील काचेपुढं जाऊन उभे राहिले.

"दादा, सांगा यांना. खुंट्या कुणी ठोकल्या?"

"म्या ठोकल्या," ते म्हणाले. मग सुभेदारांकडं वळून म्हणाले, "पण पाटी ऱ्हाऊ द्या. बराबर हाय."

मला संताप आला. पाणी कुठंतरी मुरत होतं. पंधरा ऑगस्टला पुढची खुर्ची देतो म्हणून सुभेदारांनी म्हाताऱ्याला फितवलं की काय? आणि एक संशय उठला की जुनेही उठतात. आजोबा वडिलांच्या लहानपणी तापानं गेले, एवढंच घरात सांगायचे. पिंपळगाव रेणुकाईची काळी जमीन वडिलांच्या वाट्याला होती. ती धाकट्या भावाला कसायला देऊन या माणसानं उंदीर राखायची नोकरी का धरली? आई मरेपर्यंत हेच विचारत होती. जुन्या जालन्यात कुणी बाई असावी, असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलंच. "दादा, खोट्याला हो का म्हणालात?"

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"तुझा आजा तापानं न्हाई गेला. ठाण्यात धरून आणला अन् त्याच भिंतीला उभा केल्ता त्याला. मी आठ वर्साचा होतो. चुलत्यासंगं भाकर घेऊन आल्तो."

"कुणी मारलं? तुम्ही पाहिलं?" माझ्यातला कारकून अजून पुरावाच मागत होता. त्याची मला तिथल्या तिथं लाज वाटली.

"कुणी झाडल्या, ठाव न्हाई. आम्ही पोचलो तवर समदं झाल्तं. आईनं सांगितलं, ताप म्हणायचं. मंग तापच म्हणत आलो."

"मग खुंट्या कशाला ठोकल्या?"

"बापापाशी बसायचं होतं रे. पण भोकं उघडी बघवत न्हवती."

मधल्या खुंटीखाली भिंतीला पाठ टेकून मी रोज जेवायचो. तिथं बस म्हणून वडीलच सांगायचे.