एल्बोत अडकलेली स्प्रिंग

घर बांधणाऱ्या ठेकेदाराने मला फसवलं. संडासाची नळी वळते तिथे सावकाश वळणारा मोठा बेंड घालायचा ठरला होता. त्याने काटकोनी एल्बो घातला. मी टावर चौकात फरशीच्या भावावरून दुकानदाराशी भांडत होतो, तेवढ्यात ठेकेदाराने वर काँक्रीट ओतून टाकलं. म्हणे, गृहप्रवेशाचा मुहूर्त टळला असता.

हे मला कळलं गेल्या महिन्यात. खालचा संडास तुंबला. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, जिना चढता येत नाही. त्यांना तेवढा एकच. नळी साफ करायची लांब स्प्रिंग मी फ्रीगंजच्या बाजारातून भाड्याने आणली. चालवणारा माणूस नको म्हणालो. सहा-सात फूट आत गेली आणि अडकली. भिंतीला पाय लावून ओढली, तसूभर हलेना.

बाबा वॉकर धरून दाराशी आले. "अख्ख्या उज्जैनला भावात वाकवतोस, आता हिला वाकव."

"बाबा, तुम्ही खुर्चीत बसा हो!"

"बसून काय करू? मला तिथेच जायचंय."

शेवटी प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, "फर्श तोड़ना पड़ेगा, भैया. चार दिन."

हॉस्पिटलात भांडं द्यायचो तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. ते आठवलं आणि मी प्लंबरला म्हणालो, "पहले और कुछ करके देखो ना."

"तो खींचना बंद करो. जितना खींचोगे, उतनी फँसेगी."

त्याने स्प्रिंग थोडी आत ढकलली, हँडल उलटं फिरवलं, पुन्हा ढकलली. मला साबणाचं गरम पाणी ओतायला लावलं. मी ओतत राहिलो. तिसरी बादली संपता संपता आत काहीतरी सुटलं आणि स्प्रिंग सरसर बाहेर आली, टोकाला चिंध्यांचा गोळा. तुंबलेलं पाणी घळाघळा गेलं. मी ओल्या फरशीवरच बसलो.

"ऊठ, बाहेर हो," बाबा म्हणाले आणि आत जाऊन दार लावलं. थोड्या वेळाने फ्लशचा आवाज आला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

प्लंबरने स्प्रिंगचं काटकोनात वाकलेलं टोक दाखवलं. "नीचे बेंड नहीं, एल्बो डाला है. किसने बनाया?"

ज्याने बनवलं तो आता फोन उचलत नाही. त्याने माझ्या घरी यावं, बाबांच्या समोर बसावं आणि त्यांना तोंडावर सांगावं, फरशी फोडावी लागली असती, तर ते चार दिवस त्यांनी जायचं कुठे होतं?