न विझणारा भंडारा

मायाक्काविषयी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत अजून काहीबाही बोललं जातं. कुणी म्हणतं तिच्या अंगात यायचं, कुणी म्हणतं तिला चेटूक येत होतं. बोलणाऱ्यांचं काय जातं! मी तिच्या शेजारी राहिले, भिंतीला भिंत लागून, आणि जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. चेटूकबिटूक काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, उतरवता तरी आलं असतं.

मायाक्का सांगोल्याकडची धनगरीण. नवरा गेला, पाठोपाठच्या दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा बिरप्पा तिला सोलापुरात घेऊन आला. बिरप्पा घड्याळं दुरुस्त करायचा. धनगराच्या पोराला ही विद्या कुठून आली, तर पहिल्या महायुद्धात खेचरांच्या तांड्याबरोबर तो इराकात, बसऱ्याला गेला होता. तिथे छावणीतल्या एका कारागिराच्या हाताखाली शिकला. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागे संसार. बायको फुलाबाई, गरीब गाय. आणि मग आली ही सासू.

आवाज असा की ती फुलाबाईला हाक मारायची आणि 'ओ' मी द्यायची! मी हळू बोलते म्हणून मला चिडवायची, "परभाबाई, तुमच्या हाकंनं मेंढरू बी मान वर करायचं न्हाय." मी म्हणायची, "मला मेंढरं वळायची नाहीत, मायाक्का." त्यावर ती पोट धरधरून हसायची. पाणक्याशी भांडायची, भाजीवालीशी भांडायची, आणि पाणक्या तापानं पडला तेव्हा त्याच्या घरी भाकऱ्या घेऊन जाणारीही हीच. मला ती फार आवडायची. सांगून टाकते आत्ताच.

सकाळी अंघोळ झाली की ती बिरोबापुढे बसायची. पिवळ्या पिशवीतून भंडारा काढायचा, म्हणजे हळदच, पण देवाची. आधी देवाला, मग आपल्या कपाळाला, आणि शेवटी चिमूटभर जिभेवर. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" त्याशिवाय चहाचा घोट घशाखाली जायचा नाही. भंडारा जमिनीवर सांडला तर ती बोटानं टिपून खायची. देवाची वस्तू पायाखाली जाता कामा नये, हा तिचा कायदा.

एका उन्हाळ्यात बिरप्पानं मुंबईहून रेडियमची भुकटी मागवली. लढाईवरून परतलेल्या लोकांकडे अंधारात दिसणारी मनगटी घड्याळं होती, त्यांचे आकडे आता मंदावले होते. ते खरवडून नवा रंग भरायचं काम त्यानं काढलं. काचेची बोटभर नळी, आत फिकट पिवळी पूड. कागदावर कणभर काढायची, गोंदात कालवायची, बारीक तारेनं आकड्यावर ठेवायची.

भर दुपारी सोलापूरच्या उन्हात ते चमकताना दिसणार कसं? मायाक्कानं आपली काळी घोंगडी आणली. त्या उकाड्यात आम्ही तिघी आणि बिरप्पा घोंगडीखाली डोकी घालून बसलो. घामाच्या धारा लागल्या. आधी काही दिसेना. मग डोळे अंधाराला सरावले आणि घड्याळाचे आकडे उमटले. हिरवट. थंड. ना वात, ना तेल, ना धूर.

"आदी उनात ठेवलंतं व्हय?" मायाक्कानं विचारलं.

"न्हाय आये, ह्येला ऊन लागत न्हाय," बिरप्पा म्हणाला. "ह्यात दोन वस्तू हायत. एक जस्ताची भुकटी. दुसरं रेडियम, त्ये इतकं थोडं की डोळ्याला दिसायचं न्हाय. रेडियम आतल्या आत सारखं फुटत असतं, बारीक कण उडवत असतं. कण जस्तावर आदळला की ठिणगी पडती. अशा लाखो ठिणग्या, म्हून सगळा उजेड वाटतो."

"आन् कवर चालनार?"

"जस्त धा-पंदरा वर्सांत दमतं, उजेड कमी हुतो. रेडियम दमत न्हाय. त्ये आपन गेल्यावर बी फुटतच राहनार."

मग त्यानं डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं. लावलं मात्र, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो उजेड स्थिर नव्हताच हो! आत वळवळ चालली होती. वारूळ उकरल्यावर मुंग्या उसळतात तशा ठिणग्या उसळत होत्या, विझत होत्या, पुन्हा उसळत होत्या. आवाज मात्र काही नाही. मी घोंगडीची कड उचलून बाहेर आले. मायाक्कानं भिंग घेतलं आणि किती तरी वेळ ती आतच बसून राहिली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहराच बदलला होता.

"जित्तं हाय की ह्ये," ती म्हणाली. "पिवळं हाय, विझत न्हाय, कुनी लावायला लागत न्हाय. ह्यो द्येवाचा भंडारा हाय, बिरू."

बिरप्पा हसला. कागदावर उरलेली पूड तो फुंकरीनं उडवून द्यायचा, ती मायाक्का मागून घेऊ लागली. देवापुढे ठेवत असेल, असं त्याला वाटलं. आईनं मागितलं, मुलानं दिलं. ह्यात कुणाला काय खटकणार?

त्यानंतर त्या घरात जायला मला नको नको वाटायचं. देव्हारा मागच्या कोठीच्या खोलीत होता, तिला खिडकी नव्हती. दुपारी फुलाबाईकडे विरजण मागायला जावं, तर त्या काळोखात बिरोबाचा तांदळा, तो पूजेचा गोल दगड, मंद हिरवा दिसायचा. एकदा तिथे एक हिरवा टिळा नुसता हवेत लोंबकळत होता. माझी बोबडीच वळली. तर टिळ्याखालून मायाक्का म्हणते, "या की परभाबाई, अशा का उभ्या?" तिच्या पदरावर, केसांत, नखांच्या कडांना सगळीकडे तो उजेड. बाहेर आली की पुन्हा साधी म्हातारी. पुढे तिचे दोन दात पडले. एका दाताची जखम भरेचना. ती म्हणायची, "वय झालं." मलाही ते पटलं होतं.

वर्ष-दीड वर्षानं फुलाबाईला मुलगी झाली. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर! बिरप्पाचे पाय जमिनीवर नव्हते. बारशाला मायाक्कानं नातीचं नाव चिमा ठेवलं, कानात कुर्र केलं आणि बाळाच्या जिभेला भंडारा लावला. बायका जेवून आपापल्या घरी गेल्या. मी आवराआवरीला मागे राहिले.

तेवढ्यात मुंबईहून घड्याळाचं सामान विकणारा माणूस आला. बिरप्पानं त्याला हात धरून आत नेलं, प्रसाद घ्या म्हणाला. कोठीच्या दारात तो माणूस थबकला.

"हा देव चमकतोय कशानं?"

"तुमच्याच भुकटीनं," बिरप्पा कौतुकानं म्हणाला.

मायाक्कानं लगबगीनं नव्या भंडाऱ्याची पिशवी पुढे केली. "घ्या, जिभंवर ठिवा."

तो माणूस दोन पावलं मागे सरला. "तोंडात घालता? अहो, हे तोंडात घालता तुम्ही?" मग ओसरीवर बसून पाणी पीत त्यानं सांगितलं. अमेरिकेत घड्याळांच्या कारखान्यात मुली हाच रंग भरायच्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. आधी दात गेले. जखमा भरेनात. मग जबडा सडला, एकीचा तर हाडाचा तुकडा डॉक्टरच्या हातात आला. पोटात गेलेलं रेडियम हाडांत जाऊन बसतं आणि तिथेही फुटतच राहतं. तिथून ते काढता येत नाही.

बिरप्पा पांढराफटक पडला. त्यानं आईकडे पाहिलं. "आये, बाळाच्या जिभंला कंचा भंडारा लावलास?"

"गावचा. जुन्या पिशवीतला. पैला भंडारा गावचाच लावत्यात."

"नक्की?"

"नक्की म्हंजी? दोन पिशव्या येगळ्या हायत माझ्या." एवढं बोलून ती थांबली. आपलं उजव्या हाताचं बोट तिनं डोळ्यांसमोर धरलं. सकाळी त्याच बोटानं तिनं आधी नवा भंडारा घेतला होता. बोट धुतलं होतं की नाही, तिला आठवेना. उजेडात ते हळदीचं बोट दिसत होतं, बस्स.

फुलाबाईनं हंबरडा फोडला. "माजं पोर! आत्याबाई, काय केलंसा माज्या पोराचं!"

मायाक्का ते बोट अंगापासून दूर धरून उभी राहिली.

बिरप्पाच म्हणाला, "थांबा. ही भुकटी चिकटून बसती, लागलं असंल तर अंदारात दिसंल." देव्हाऱ्यावर त्यानं जाड कांबळं टाकलं. आम्ही सगळे कोठीत शिरलो, त्यानं दार ओढून आतून कडी लावली. तो मुंबईवाला बाहेरच राहिला. मायाक्का सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून.

काळोख मिट्ट. डोळे सरावेपर्यंत थांबायचं होतं, आणि ते थांबणं कसलं जीवघेणं! बाळाचा श्वास ऐकू येत होता. फुलाबाईचे दात वाजत होते. मी माझ्या सगळ्या देवांना आळवलं.

आणि दिसला. एक हिरवा ठिपका, फुलाबाईच्या मांडीवर.

ती किंचाळली. बिरप्पानं चाचपडत हात पुढे केला. "गालावर हाय ग, गालावर!" नातीच्या तोंडावरून हात फिरवून अलाबला घेताना मायाक्काचं बोट गालाला लागलं होतं. त्यानं तेलाच्या फडक्यानं गाल पुसला. ठिपका फडक्यावर आला. गाल काळोखात मिसळला.

"आता तोंड."

फुलाबाईनं बाळाच्या तळव्याला चिमटा काढला. बाळ तोंड वासून रडायला लागलं. आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. आवाज येत होता तिथे काहीच दिसत नव्हतं. जिभेवर नाही, ओठांवर नाही. बिरप्पानं आपलं बोट त्या तोंडात फिरवून बाहेर काढलं आणि डोळ्यांजवळ धरलं. काळं. साफ काळं.

"न्हाय," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "फुले, न्हाय लागलं. काय बी न्हाय." फुलाबाईनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. मी तिथेच जमिनीवर बसले.

तेव्हा मागून मायाक्काचा आवाज आला, नेहमीचा, खणखणीत, आनंदानं फाटलेला. "म्या म्हनलं न्हवतं? गावचाच हुता! माजी चिमी वाचली रं बिरू!"

आम्ही तिघांनी वळून पाहिलं.

मायाक्का दिसत नव्हती. भिंतीपाशी तो टिळा होता, आणि त्याच्या खाली एक तोंड होतं. हिरडीच्या रेघा, उरलेल्या दातांच्या फटी, पडलेल्या दाताची ती न भरलेली जागा, सगळं हिरवं लखलखत होतं, आणि ते तोंड हसत होतं.

"बोला की काय तरी," ते म्हणालं. "आता कशाला रडतायसा? समदी वाचली की!"

बिरप्पाचा हात दाराच्या कडीवर होता. त्यानं कडी काढली नाही. उजेडात गेल्यावर आईच्या तोंडाकडे पाहून काहीतरी बोलावं लागणार होतं.