रिद्धपूरला, एक लीळा पुरी करायला

दिवाळीनंतर सासूबाई म्हणाल्या, "रिद्धपूरले घेऊन चाल मले. लीळा डोक्यातून निसटून राहिली."

सासूबाई हिवरखेडच्या, महानुभाव घरातल्या. लीळा म्हणजे पंथाच्या स्वामींची आठवण. एका म्हातारीने स्वामींना कण्या वाढल्या, ही लीळा त्यांना लहानपणापासून तोंडपाठ. आता मध्येच अडकत होत्या. पार विसरण्याआधी ती स्थानावर एकदा शेवटपर्यंत सांगायची होती.

अकोल्याहून सकाळीच एसटी धरा. मला अर्धं तिकीट, त्यांना वयामुळे तेही नाही. बडनेऱ्यापर्यंत धुकं होतं. कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. सासूबाईंचे ओठ हलत होते. अमरावतीला बस बदलावी लागते. भाकरी-ठेचा घरून न्यावा. पुढे संत्र्याच्या बागा लागतात आणि बस रेंगाळते. रेंगाळू द्यावी.

स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या पहिल्या आचार्यांनी विद्वान शिष्याला संस्कृतात लिहू दिलं नाही. "माझ्या म्हाताऱ्यांना कळणार नाही," एवढंच कारण त्यांनी दिलं. पंथात पुढे आठवणी जुळल्या नाहीत, तर कोणती कोणाची ते सांगून दोन्ही ठेवल्या. कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं.

रिद्धपूरचं हे स्थान म्हणजे स्वामी बसले होते तिथला ओटा. सासूबाईंनी कपाळ टेकवलं आणि सुरुवात केली. म्हातारीने चूल पेटवली, आणि त्या थांबल्या. पुढचं मलाही येत नव्हतं.

शेजारी नांदगाव पेठेच्या एक आजी बसल्या होत्या. "मंग कण्या करपल्या ना वो."

"आमच्यात नाई करपत," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या म्हातारीले सैपाक येत असन. आमचीच्या करपल्या."

"तुले कोनं सांगतलं?"

"माह्या मायनं."

"मले माह्या आजीनं सांगतलं."

"मंग सांग ना पुढचं."

सासूबाईंना सांगता येईना. डोळे भरले. आजी सरकून जवळ आल्या आणि आपल्या परीने हळूहळू लीळा पुरी केली. आम्ही दंडवत प्रणाम करून निघालो. आपली लीळा अर्धीच राहिली, हे परतीच्या बसमध्ये सासूबाईंच्या तोंडावर दिसत होतं.

अकोल्याला घरी आल्यावर पाय धुऊन त्या देवघरापुढे बसल्या. पहिल्यापासून सांगू लागल्या. चूल पेटली.

"इथून नांदगाव पेठेवालीचं हाय," त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि कण्या करपू दिल्या. "आन् स्वामीनं त्या तशाच खाल्ल्या."