चंद्राच्या खड्यातलं सोनं

संस्थेत तिला सगळे कापवाल्या बाई म्हणत. दगडाचा केसाहून पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून उजेड आरपार जातो. हेच काम ती सव्वीस वर्षं करत होती. चंद्रावरून आणलेला दगडही तिच्याच हाती आला. पाण्याचा थेंब न वापरता, बंद काचपेटीत, जाड हातमोज्यांतून कापायचा. पहिला काप निघायला अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी विभागाचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि त्या दगडाचा एक खडा चक्क पेटीबाहेर काढून उघड्या बोटांत फिरवू लागले.

"साहेब, अंगठी!" ती ओरडली.

"अहो बाई, चंद्राला काय नजर लागतेय?" साहेब हसले. पाहुणेही हसले.

पुढे त्या खड्यात सोनं सापडलं. केवढा गाजावाजा! मग दुसऱ्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं, की हे तांबं मिसळलेलं, दागिन्याचं सोनं आहे. साहेबांनी अहवालात लिहिलं : 'काप काढणाऱ्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या कामापायी तिने स्वतःची लग्नातली अंगठी सव्वीस वर्षं कपाटात ठेवली होती.

"आई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. जाऊ दे ना," मुलगी म्हणाली.

"का जाऊ देऊ? चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्याशाने वर आभार मानायचे?"

बैठकीत तिने साहेबांसमोर काच आपटलीच. "हा त्याच दगडाचा दुसरा खडा. तपासणीआधी पेटीबाहेर कधी आला नाही. मीच कापला, मीच घासला. तपासून आणलाय, सोन्याचा कण नाही. माझा निष्काळजीपणा एकाच खड्यापुरता होता का?"

"बाई, घरातलं घरात मिटवू."

"मला चव्हाट्यावर आणताना घर आठवलं नाही?"

अहवाल बदलला : 'हाताळणीतील त्रुटी.' कोणाची, ते नाही. तिने यंत्र बंद केलं. "हात कोणाचे ते लिहा, मग काप मागा."

नवव्या दिवशी साहेबांच्या नावानिशी दुरुस्त अहवाल आला. माफी कोणीच मागितली नाही. ती कामाला बसली, पण राग अजून बोटांत होता. त्या दुपारी एक काप तडकला. साहेबांना तोंडभर शिव्या घालत तिने नोंदवहीत लिहिलं : माझ्या हातून तडकला.