रेडिओवर मी जे बोललोच नाही

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. वाशीमच्या एका शाळेत नववी-दहावीला शिकवतो. लिंबातून रक्त काढणं, पाण्यानं दिवा पेटवणं... असले 'चमत्कार' कसे करतात ते मी कितीतरी गावांत पोरांना करून दाखवलंय. या पानावरचे गूढ अनुभवही मी नेहमी वाचतो, पण खरं सांगू का, मी ते लिहिणाऱ्याचं कुठे चुकलं हे शोधायला वाचतो. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलोय तर हात अवघडतोय. अवघडण्याचं कारण तेवढं एकच असतं तर बरं झालं असतं.

गोष्ट गेल्या जानेवारीतली. आमच्या भागात जे सरकारी रेडिओ केंद्र लागतं, त्यांनी एक वेगळाच दिवस ठरवला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही गाणं नाही, नुसतं बोलणं. सकाळी चिंतन, मग शेतकऱ्यांचे प्रश्न, डॉक्टरांची मुलाखत, महिलांची परिचर्चा, दुपारी भाषणं. अडीच वाजताचं दहा मिनिटांचं भाषण माझं होतं. विषय – 'मला घडवणारी व्यक्ती'.

मी माझ्या मोठ्या बहिणीवर बोललो. शांताअक्का. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, आमच्याच जिल्ह्यात शिरपूरला दिलेली. दाजी जाऊन सहा वर्षं झाली. ती तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे.

रेकॉर्डिंग आठवडाभर आधी झालं होतं. केंद्रावरच्या कार्यक्रम अधिकारी मॅडमनी माझे कागद वाचून घेतले, दोन वाक्यं छाटली, पान उलटताना आवाज करू नका म्हणाल्या. मी एका दमात वाचून काढलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं – 'माझ्या अक्काने हसत हसत आपल्या वाट्याचे शिक्षण माझ्या ओंजळीत टाकले.' ते लिहिलं तेव्हा माझे स्वतःचेच डोळे भरून आले होते. हे मुद्दाम सांगतोय.

अक्काला मी आदल्या दिवशीच फोन करून सांगून ठेवलं होतं. "उद्या रेडिओ लाव, तुझ्यावर बोलणार आहे." ती लाजली. "माह्यावर काय बोलाचं असते बाप्पा..." म्हणाली.

त्या दिवशी अडीचला आम्ही स्टाफरूममध्ये मोबाईलवर रेडिओ लावला. मुख्याध्यापकांसकट सगळे बसले होते. भाषण झालं, शब्दन् शब्द जसा मी वाचला होता तसा. ओंजळीच्या वाक्याला आमच्या मराठीच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. टाळ्या झाल्या. मी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मोबाईल खिशात टाकताना पाहिलं तर अक्काचे तीन मिस्ड कॉल. मी कौतुक ऐकायच्या तयारीनंच व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"हं अक्का, ऐकलंस का?"

ती म्हणाली, "बाळू, ते पत्र तू जाळलं होतं?"

...

इथे मला थोडं मागे जावं लागेल.

मी सोळा वर्षांचा होतो, दहावीत. वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगाव तालुक्यात आमचं खेडं. आई लहानपणीच गेलेली. बाबा गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, त्यांना दम्याचा त्रास. घरातलं रांधणं-धुणं आणि लोकांच्या वावरातलं निंदण, दोन्ही अक्का करायची. ती दहावी पास होती, आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. नर्सच्या ट्रेनिंगसाठी तिनं अर्ज केला, मुलाखत देऊन आली आणि पत्राची वाट बघायला लागली. निवड झाली तर दीड वर्षं अकोल्याला राहायचं होतं.

आमच्याकडे पोस्टमन गावचं सगळं टपाल एका ओट्यावर ठेवून जायचा. ज्याचं त्यानं उचलायचं. एक दिवस शाळेतून येताना मी पाहिलं, तर तिच्या नावाचा लांब लिफाफा. मी तो उचलला आणि घरी येईपर्यंत फोडलाही. निवड झाली होती.

आनंद झाला नाही. मला दिसलं ते एवढंच की आता स्वयंपाक कोण करणार, बाबांचं कोण बघणार... शाळा सुटणार ती माझी. घरात कोणी नव्हतं. मी पत्र परत लिफाफ्यात घातलं आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकलं. तो जाड कागद लवकर पेट घेईना. मी काडीनं आत लोटला.

अक्का त्यानंतर दोन महिने रोज त्या ओट्यावर जात होती. मग जायची थांबली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. बाबांना नाही, बायकोला नाही. कुठे लिहून ठेवली नाही. तेहतीस वर्षं.

आणि आता फोनवर अक्का विचारत होती.

मी म्हणालो, "कोणतं पत्र?"

"माह्या ट्रेनिंगचं. आता तूच तं सांगतलं रेडिओवर."

तरी मी म्हणालो, "अक्का, मी असलं काही बोललो नाही. तू काहीतरी भलतंच ऐकलंस."

"मी एकटी नोती. गीताबाई हाय इथं. आमी दोघी तूर साफ करून राह्यलो होतो." तिनं फोन शेजारणीकडे दिला. गीताबाई साठीच्या पुढच्या, अक्काच्या भिंतीला भिंत लागून घर.

"मास्तर," गीताबाई म्हणाल्या, "तुमीच बोलले. तुमचं नाव सांगतलं पयले त्या बाईनं, मंग तुमी. चुलीत टाकलं म्हणे. जळे ना म्हणून काडीनं लोटलं म्हणे. हे आमाले कसं मालूम असंन, सांगा बरं?"

मी फोन कट केला. हो, कट केला. नंतर 'रेंज गेली' असा मेसेज टाकला.

लगेच केंद्रावर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, छान गेलं. रेकॉर्ड केलं तेच लावलंय, दुसरं कुठून येणार?" मी कॉपी मागितली. संध्याकाळपर्यंत त्यांनी फाईल पाठवली. मी चार वेळा ऐकली. ओंजळ होती, हसत हसत होतं. काडी कुठेच नव्हती.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो असेन. मी सुटकेचा निःश्वास सोडला. कारण आता माझ्याकडे पुरावा होता... मी बोललो नाही याचा पुरावा. जे केलं ते केलं नाही असं दाखवायला तो पुरेसा होता.

रविवारी मोटरसायकल काढून मी शिरपूरला गेलो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. अक्का अंगणात सूप घेऊन बसली होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. गीताबाईंनाही मीच बोलावून घेतलं आणि मोबाईलचा आवाज मोठा करून फाईल लावली.

दोघी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"हे नोतं," गीताबाई म्हणाल्या. "हे असं पुस्तकासारखं नोतं बोललं. आपल्या बोलीत होतं. 'म्या जायलं' असं होतं."

तिथे मी जरा डगमगलो. मी 'म्या' आणि 'जाळलं'ला 'जायलं' म्हणणं कॉलेजात सोडलं. पण मी हार मानली नाही. दुसरं स्टेशन मिसळलं असेल म्हणालो. एखादं नाटक चालू असेल म्हणालो. मग अक्काला म्हणालो, "तुझं वय झालं आता, कान तपासून घेऊ आपण वाशीमला." आणि गीताबाईंना म्हणालो... हे लिहायला नको वाटतंय. मी म्हणालो, "तुम्ही कशाला आमच्या बहीण-भावात काड्या घालता? काही ऐकायचं नाही, समजायचं नाही, आणि मनचं जोडून सांगायचं."

गीताबाई उठल्या. "मास्तर, मी अनपढ हाय. बहिरी नाही." आणि निघून गेल्या.

अक्का सुपातली तूर खालीवर करत होती. खाली मान घालूनच बोलायला लागली.

"बाळू, मले रेडिओचं काई समजत नाही. कोन बोललं, कसं बोललं, ते जाऊ दे. मी तुले वेगळंच सांगतो. त्या मुलाखतीत तिथल्या बाईनं मले पाच सवाल इचारले होते. पाचही आले मले. मंग पत्र नाही आलं. मी म्हटलं, आपल्याले वाटलं आले, पन नसतीन आले. आपन ढ असंन. अंगणवाडीत दोनदा सेविकेची जागा निघाली. तिथली मॅडम म्हने, शांताबाई तुमी दहावी पास हा, भरा फॉर्म. मी नाही भरला. काहून भरू? ते पाच सवाल मी आजपावतर मनात घोकतो. कोनता चुकला, कोनता चुकला... समजतच नाही."

मला वाटत होतं मी तिची नोकरी घेतली. तेवढंच मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर मी कधीमधी स्वतःची समजूतही घालून घ्यायचो, की तिच्या पोरांची लग्नं झाली, घर पक्कं झालं, चाललंय तिचं. ती तेहतीस वर्षं स्वतःला नापास समजून जगतेय, हे मला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं. आणि मी तिला नुकतंच कान तपासायला चल म्हणालो होतो.

"आता तू सांग," अक्का म्हणाली. "रेडिओ नाही. तू."

मी म्हणालो, "हो अक्का. म्याच जायलं."

तो शब्द माझ्या तोंडून कसा निघाला कुणास ठाऊक. ती रडेल, शिव्या देईल, निघ म्हणेल, कशालाही मी तयार होतो. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"वरतं नाव कसं लिहेल होतं?"

"कुमारी शांता... आणि पुढं बाबांचं नाव."

"टाईप केलं होतं का हातानं?"

"टाईप केलेलं."

"अन् आत?"

मी सांगितलं, जेवढं आठवत होतं तेवढं. आपली निवड झालेली आहे. अमुक दिवशी हजर राहावे. सोबत मूळ कागदपत्रे आणावीत.

"निवड झालेली आहे," ती म्हणाली. मग, "अजून एक डाव सांग."

मी पुन्हा सांगितलं. ती नुसती ऐकत होती, ओठ हलवत. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पाचही बरोबर होते मंग."

जेवून जा असं ती म्हणाली नाही. आमच्या आयुष्यात तसं पहिल्यांदा झालं.

जाताना मी म्हणालो, "मी केंद्रावरच्या मॅडमना सांगतो. पुन्हा वेळ मागून खरं काय ते रेडिओवर बोलतो."

"कायले?" ती म्हणाली. "माह्या घरी तं सांगून झालं."

गीताबाईंच्या दारात थांबून मी माफी मागितली. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि लावून घेतलं.

शिरपुरात भाषणाच्या दुपारी रेडिओ ऐकणारे आणखी दोघं मला भेटले. स्टँडजवळचा एक चहावाला आणि एक निवृत्त तलाठी. दोघांनीही ओंजळीचंच भाषण ऐकलं होतं, तलाठ्यांनी तर ते वाक्य मला म्हणून दाखवलं. अक्काचा रेडिओ मी स्वतः उघडून पाहिला. साधा, सेलवर चालणारा, आत काहीही नाही. दोन स्टेशनं मिसळली म्हणावं, तर दुसऱ्या स्टेशनवर माझं नाव आणि माझ्या चुलीतली काडी कुठून येणार? दोघींना भास झाला म्हणावं, तर जे अक्कालाच माहीत नव्हतं त्याचा तिला भास कसा होईल? आणि गीताबाईंना त्याच मिनिटाला तोच कसा? विज्ञानाचा माणूस म्हणून जेवढं तपासता येईल तेवढं मी तपासलं. वर्ष होत आलं. उत्तर नाही.

अक्का फोन उचलते, पण मोजकंच बोलते. मागच्या महिन्यात सेविकेची जागा निघाली होती, पण तिचं वय अटीबाहेर गेलेलं. ती ऑफिसात जाऊन चौकशी करून आली होती, हे मला भाचीकडून कळलं.

इथे कुणी रेडिओत काम करणारं असेल तर जरूर लिहा, असं होऊ शकतं का. कारण असलं तर मला हवंच आहे. पण ते सापडलं तरी त्या दुपारी माझ्या आवाजात जे कोणी बोललं, ते कबूल करायचं काम माझं होतं, आणि ते मी केलं नव्हतं.