ध्रुवयानाला रिव्हर्स गियर नव्हता

कोयनानगरच्या एस्टी स्टँडवर मी तासगावला जायला उभा राहिलो, त्या सकाळी मला पोचवायला तीन माणसं आली होती आणि तिघांनाही माझ्यापेक्षा दुसऱ्याच कशाची तरी काळजी लागली होती. आईला ट्रंकेच्या कडीची, कारण ती नुसत्या सुतळीवर होती. आबांना त्यांच्या शब्दाची. आणि यासीनला ध्रुवयानाची.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून नाईक होऊन सुटले आणि धरणावर वॉचमन म्हणून लागले. मीही फौजेत जावं अशी त्यांची फार इच्छा. पण भरतीच्या मैदानात छाती फुगवायला सांगितली आणि मला नेमकी खोकल्याची उबळ आली. देशाचं संरक्षण दुसऱ्यांवर पडलं. मग आबांनी पलटणीतला एक जुना दोस्त गाठला. त्याचे थोरले भाऊ आप्पा तासगावात बेदाण्याचे व्यापारी होते आणि त्यांना शेडवर लिहिता-वाचता येणारा एक पोरगा हवा होता. आबांनी दोस्ताला शब्द दिला आणि बसच्या पायरीवर तो मला ऐकवला. "आप्पांनी घालवल्याबिगर तू निघायचं न्हाई. पलटणीत शब्द टाकलाय मी." एवढंच. हे वाक्य पुढं दाराच्या अडसरासारखं मला आडवं येणार होतं, हे तेव्हा कुठं माहीत? तेव्हा मी सुतळीकडं बघत होतो.

यासीन हा धरणाच्या कॉलनीच्या बाजारातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, माझा जिवलग. बस हलली तसा तो खिडकीचा गज धरून पळायला लागला. आईला वाटलं, पोराला भरून आलंय. तो ओरडत होता ते असं: "रिव्हर्स गियर ट्रॅक्टरला लागतो गड्या, ताऱ्याकडं जायाला न्हाई लागत!" आदल्या दिवशीच्या वादातलं उत्तर त्याला आत्ता, बस सुटताना सुचलं होतं.

तो वाद आधी सांगतो, म्हणजे पुढचा माझा मूर्खपणा नीट कळेल. त्या वेळी आमच्याकडं अवकाशवीरांच्या दोन पॉकेटबुक मालिका यायच्या, महिन्याला एकेक. एक 'ध्रुवयान'. त्यातलं यान ध्रुवताऱ्याकडं निघालेलं आणि त्याला परत फिरायची सोयच नाही. माणसं यानातच म्हातारी व्हायची, यानातच पोरं जन्मायची. दुसरी 'सप्तर्षी पथक'. त्यातले सात गडी शनीच्या कड्यांवर जावोत की शुक्राच्या ढगांत, शेवटच्या पानावर न चुकता घरी जेवायला हजर. शेवटचं वाक्य दर महिन्याला तेच असायचं, 'आणि ताटं वाढलेली होती.'

क्वार्टरमधली साहेबांची पोरं सगळी सप्तर्षीवाली. त्यांच्या घरी पंखा होता, जेवायला टेबल होतं. त्यांना परत यावंसं वाटणारच. आम्ही भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्याच्या खोल्यांतले. जमीन जरा थरथरली की आई आधी चुलीवरचं कालवण उतरवायची आणि मग आम्हाला बाहेर काढायची. आम्हाला परत न येणारं यान का आवडू नये? "तुमच्या यानाला रिव्हर्स गियरच न्हाई," हा त्यांचा टोमणा. मी आमच्या बाजूचा पुढारी. 'पुढं जातो तो प्रवासी, परत येतो तो नुसता फिरायला गेलेला' हे माझं वाक्य पोरांनी कोळशानं पत्र्यावर लिहून ठेवलं होतं. चारी बाजूंना डोंगर, वर तेवढंच आभाळ. मला बाहेर पडायचं होतं. बस कराडकडं वळली तेव्हा, खरं सांगतो, मला ध्रुवयानात बसल्यासारखं वाटलं.

आप्पांच्या फाटकावरच्या राखणदारानं आत सोडतानाच माझ्या कानात सांगितलं की आधीचा पोरगा ध्रुवयानाची बाजू घेतल्यामुळं गेला. मला वाटलं, थट्टा करतोय. आत गेलो. आप्पांनी माझं अक्षर बघितलं नाही, पाढे विचारले नाहीत. धोतर सावरत विचारलं, "ध्रुवयान का सप्तर्षी?"

कॉलनीचा पुढारी तिथल्या तिथं फुटला. "सप्तर्षी," मी म्हणालो. आप्पांचा चेहरा उजळला. म्हणाले, ध्रुवयान लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय मला. निघाली ती निघालीच? मागं आईबाप ठेवल्यात का न्हाई कुणी?

त्या शेडवर एक रीत होती, जी मी नंतर कुठंही पाहिली नाही. बाया ओळीनं बसून बेदाणा निवडायच्या, काड्या काढायच्या, पिवळा-काळा वेगळा करायच्या, आणि एकानं समोर पोत्यावर बसून मोठ्यानं गोष्ट वाचायची. आप्पांचा त्यात हिशेब होता. ऐकणाऱ्या माणसाचं तोंड उघडं राहतं आणि उघड्या तोंडानं बेदाणा चावता येत नाही. आप्पांना लिहिता-वाचता येणारा हवा होता तो लिहिण्यासाठी नव्हे, हे तेव्हा उमगलं. वजनाच्या चिठ्ठ्या हे वरकाम. माझी खरी नोकरी सप्तर्षींना घरी आणायची.

शेडच्या मागं एक खोली मिळाली. गोड वास आणि गांधीलमाश्या दोन्ही फुकट. सुरुवातीला मी त्या सपाट मुलखाकडं हरखून बघायचो. कोयनेत आभाळ बघायला मान वर करावी लागते, इथं ते घोट्यापर्यंत आलेलं. पण चहूकडं सारखंच दिसायला लागलं की निघायचं कुठून तेच कळत नाही. द्राक्षाच्या मांडवांपलीकडं द्राक्षाचेच मांडव. डोंगर होते तेव्हा निदान मला कोणी अडवलंय हे दिसत तरी होतं. काही महिन्यांत मला घर आठवायला लागलं, आणि तेही लाज वाटावी असं. पत्र्यावरचा पावसाचा आवाज नाही, आई नाही. आठवायची ती कालवणाची पातेली, घाईनं जमिनीवर ठेवताना व्हायचा तो आवाज.

पण आप्पांनी घालवल्याशिवाय निघायचं नव्हतं. म्हणून मी आप्पांनी मला घालवावं याच्या मागं लागलो.

आधी मी मुद्दाम पिवळ्यात काळा मिसळला. आप्पा म्हणाले, पोराचं डोळं बिघडलं, आणि मला तासगावात चष्मा करून दिला. चष्मा नको असताना चष्मा लावल्यामुळं मी वजनकाट्याला धडकून पडलो, तर दोन दिवस आराम आणि हळदीचं दूध. मग मी नाकात वाचायला लागलो. बायांना ते फारच पसंत पडलं. शुक्रावरची माणसं अशीच बोलत असणार म्हणाल्या. शेवटी मी ट्रंकेच्या तळातून ध्रुवयानाचा अंक काढला. ज्यानं आधीच्या पोराला सोडवलं, ते मला का नाही सोडवणार?

त्या दिवशी आप्पा समोरच खाटेवर बसले होते. मी नावं सप्तर्षींची घातली, नाहीतर पहिल्याच पानावर उठवलं असतं, आणि यान सरळ ध्रुवाकडं सोडलं. पृथ्वी लहान होत गेली. मोसंब्याएवढी, लिंबाएवढी, बेदाण्याएवढी. मग दिसेना. अंक संपला, मी पुस्तक मिटलं आणि आप्पांकडं बघत बसलो, की आता म्हणतील, चालायला लाग.

आप्पांच्या आधी शेवंतामावशी बोलल्या. त्या सगळ्या बायांत थोरल्या. दोन्ही मुलं पलटणीत. त्यांनी हातातली परात खाली ठेवली.

"मास्तर, पोरं घरी कवा आली?"

मी म्हटलं, मावशी, अंक संपला.

"तुजा संपला आसंल. पोरं घरी आल्याबिगर मी हितनं उठत न्हाई."

एकेक करत सगळ्यांनी पराती खाली ठेवल्या. काम थांबलं. आप्पाही माझ्याकडं बघायला लागले, रागानं नव्हे. तेही वाट बघत होते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर एका केसतेलाची जाहिरात होती, ती उघडून मी वाचत असल्याचं सोंग केलं आणि यान वळवलं.

कसं वळवलं विचारू नका. त्याला गियरच नव्हता. मी तो बसवला. पण उतरवायचं कुठं? मला दुसरी जागा सुचेना. आमच्या कॉलनीच्या अलीकडं, हेळवाकच्या वळणावर उतरवलं. तिथून सातही गडी घाटानं चालत निघाले. धुकं होतं, धरणाचा भोंगा वाजला, कॉलनीतल्या कुत्र्यांनी ओळखलं. पत्र्याच्या खोलीचं दार ढकललं तर आतून पातेलं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. इथं केसतेलाची जाहिरात मला दिसेनाशी झाली. "आणि ताटं वाढलेली होती," मी कसंबसं म्हणालो.

शेवंतामावशींनी पदरानं डोळे पुसले. आप्पा उठून जवळ आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "सदा, आता तुला कोण बोलवाय आलं तरी मी सोडत न्हाई."

सुटकेसाठी खणलेल्या भुयारातून मी असा नेमका आतल्या खोलीत निघालो.

पुढच्या ईदच्या आधी यासीन आला. शिरखुर्म्यासाठी दुकानात बेदाणा लागतो, म्हणून दरवर्षी त्याचे वडील यायचे. या वेळी त्यानं हट्टानं स्वतः यायचं काढलं. फाटकाशीच मी त्याला बाजूला घेतलं. म्हणालो, गड्या, एक काम कर, आप्पांना सांग की सदा लहानपणापासून ध्रुवयानवाला हाय. ध्रुवयानावरून इथला एक पोरगा गेलाय. तेवढ्यात आप्पांनी हाक मारली, मला इथनं सुटायचंय हे सांगायचं राहून गेलं आणि त्याच्या कानात राहिलं ते पोरगा गेल्याचं तेवढं.

आप्पांनी सवयीनं त्यालाही तोच प्रश्न केला. यासीन ताठ उभा राहिला आणि म्हणाला, ध्रुवयान. शेडमध्ये पराती थांबल्या. आप्पा हसले, पाहुण्याला माफ म्हणाले, आणि माझ्याकडं बोट केलं, "आनि ह्यो? ह्यो तुज्या गावचा न्हवं?"

मी डोळ्यांनी त्याला खुणावत होतो. सांग. सांग की रं. यासीननं माझ्याकडं एकदा बघितलं, बेदाण्याच्या ढिगाकडं बघितलं, माझ्या चष्म्याकडं बघितलं.

"आवं आप्पा, ह्यो?" तो म्हणाला. "ह्यो जन्माचा सप्तर्षी. ह्याच्यापायी कॉलनीत आमी लय मार खाल्लाय. अल्लाशपथ."

आप्पांनी त्याला बेदाणा चढत्या मापानं दिला. मला वाटलं, आता कोयनेला जाणारा सगळा रस्ता मागच्या मागं गुंडाळला जातोय.

स्टँडवर तो भलताच खुशीत होता. "वाचवलं का न्हाई तुला?" म्हणाला. त्याच्या तोंडावर मैत्रीचं असं तेज होतं की मी मान हलवली. मग तो पोत्यावर बसून घरचं सांगायला लागला. दुकानात वडील, वडलांच्या मागं थोरला भाऊ, भावाच्या मागं तो. पुड्या बांधायच्या आणि डोंगर बघायचा. म्हणाला, "तू निघालास रं. मी अजून ध्रुवयान वाचतोय नुसतं." मी ज्या गावाला जायला तडफडत होतो त्याच गावात तो कोंडला होता. आणि आमच्यामध्ये एक एस्टी उभी होती, तिला दोन्हीकडं जाता येत होतं.

वर्षाच्या आत तो खरोखरच गेला. मस्कतला, एका वायरमनच्या हाताखाली.

मी राहिलो. मधे दोन गोष्टी झाल्या. ध्रुवयान मालिका बंद पडली. शेवटचा अंक आला नाही, ना कुणी काही कळवलं. यान मधेच, माणसं आत. कॉलनीतली पोरं म्हणायची, अजून चाललेच असतील. आणि दुसरी गोष्ट, आबा थकले, तसं एक दिवस आप्पांनी मला समोर बसवलं आणि स्वतःच म्हणाले, तुज्या बाला आता आधार लागंल, जायाचं आसलं तर जा, मी घालवतोय आसं समज. ज्या शब्दांसाठी मी केसतेलाची जाहिरात वाचली होती, ते असे चहाबरोबर मिळाले. मी म्हटलं, आप्पा, एवढा हंगाम संपू दे. मग पुढचा हंगाम आला. तोवर माझं लग्न झालं, घरात पंखा आला. आबांना भेटायला जातो तेव्हा ते विचारतात, "आप्पांनी सुट्टी दिली का?" मी हो म्हणतो. त्यांचा शब्द अजून मोडलेला नाही, हे त्यांना बरं वाटतं.

गेल्या ईदला यासीन रजेवर आला. सुटकेस, घड्याळ, अंगाला अत्तर. बेदाणा न्यायला म्हणून आला आणि शेडमध्ये बायांच्या ओळीत मांडी घालून बसला. मी विचारलं, काय वाचू? त्यानं वर न बघता सांगितलं, "ज्यात परत येत्यात, ते." एके काळी बसमागं पळत जाऊन दुसऱ्या बाजूनं भांडलेला माणूस. मी त्याला चिडवणार होतो, पण त्याचा आवाज तसा नव्हता.

सप्तर्षींचा जुना अंक काढला. त्याची शेवटची पानं कसरीनं खाल्लेली. मला आता त्याचं काही वाटत नाही. मी तसाच वाचत गेलो, पान संपलं तिथून पुढं तोंडानं. यान खाली आणलं. मांडवांवरून सावली सरकली, राखणदारानं फाटक उघडलं, गांधीलमाश्या उठल्या, आणि शेडमागच्या माळावर सातही गडी धूळ झटकत उतरले. खोलीतून माझ्या बायकोनं विचारलं, आलासा? आणि ताटं वाढलेली होती.

यासीनचा हात परातीत थांबला. "हेळवाकच्या वळणावर उतरतं न्हवं ते?" तो हळूच म्हणाला. ती गोष्ट मीच त्याला कधीतरी सांगितली होती.

यान कुठं उतरवलं हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

शेवंतामावशी पदर झाडत उठल्या. "तिकडं कशाला जात्यात आता?" म्हणाल्या. "ताटं हितं वाढल्यात की."

यासीननं परातीतले चार बेदाणे उचलले आणि आप्पांच्या देखत, शेडचा नियम मोडून, तोंड मिटून चावत बसला.